टर्बो अजून खोक्यातच राहू द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लोटस सेव्हनच्या धर्तीच्या किट कारची (सुटे भाग आणून घरी बांधायच्या गाडीची) नळ्यांची चासी आणि फायबरचे भाग घरी आले आहेत. डोनर गाडी, म्हणजे जिचं इंजिन आणि भाग वापरायचे ती, पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, १.६ लिटरची. शिवाय ‘यात सगळं आलं’ असं लिहिलेलं टर्बो किटचं (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचं) खोकंही येऊन पडलंय. जागा एका गाडीपुरती, लक्ष्य २०० हॉर्सपॉवरचं. आणि विचारणा ही, की इंजिन चासीत बसवतानाच टर्बो लावून टाकला तर दुहेरी मेहनत वाचेल का.

वाचणार नाही, वाढेल. इंजिन डोनरमधून निघालं तसंच बसवा, गाडी त्यावर हजार-दीड हजार किलोमीटर चालवा, तिच्या खोडी काढा आणि मग टर्बोला हात लावा. मी घरी बांधलेल्या तीन गाड्यांपैकी पहिली एका दमात टर्बोसकट केली होती. ती पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवसापासून नीट रस्त्यावर धावेपर्यंत अकरा महिने गेले, आणि त्यातले निदान सात ‘दोष नेमका कुठे आहे’ हे शोधण्यात. पुढची गाडी टप्प्याटप्प्याने केली. तिचा टर्बो बसवायला चार रविवार लागले.

कारण साधं आहे. घरी बांधलेल्या गाडीत सगळंच नवं असतं, त्यामुळे संशय कुणावरही घेता येतो. समजा, गाडी तापतेय. रेडिएटरमध्ये हवा अडकली असेल, पंखा उलटा फिरत असेल, नाकाडातून आलेली हवा रेडिएटरला वळसा घालून बाजूने निसटत असेल, किंवा टर्बोची उष्णता पाण्यात जात असेल. हीच गाडी टर्बोशिवाय महिनाभर थंड चालली असेल, तर चौथा संशयित सोडून बाकीचे आधीच सुटलेले असतात.

आणि टर्बोशिवायची गाडी म्हणजे मिळमिळीत गाडी, असं समजू नका. तुमची डोनर ९५० किलोंच्या आसपास वजनाची होती, ११५ हॉर्सपॉवरची. तेच इंजिन ६०० किलोंच्या किट कारमध्ये घातलं की टनामागे १२० ऐवजी १९० हॉर्सपॉवर होतात. कॉलिन चॅपमनने १९५७ साली मूळ लोटस सेव्हन आणली ती याच हिशेबावर: ताकद वाढवण्याआधी वजन उतरवा. पहिल्यांदा दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल द्याल तेव्हा २०० चा आकडा काही आठवडे तरी आठवणार नाही.

जागा मात्र आत्ताच राखून ठेवा. रिकामी चासी, रिकामा ब्लॉक आणि हेड एकत्र बसवून बघता तेव्हाच टर्बोही मॅनिफोल्डला (सिलिंडरांचा एक्झॉस्ट एकत्र आणणाऱ्या नळ्यांना) लावून बघा. स्टीअरिंगची दांडी, चासीची वरची नळी आणि पायांच्या बाजूचा पत्रा यांच्यापासून सगळीकडे निदान २० मिलिमीटर मोकळं राहिलं पाहिजे, कारण रबरी माउंटवर इंजिन हलतं आणि तेही थ्रॉटल दिल्यावर नेमकं एका बाजूला. डाउनपाइप (टर्बोपासून पुढे जाणारी एक्झॉस्टची नळी) कुठून जाणार याची पुठ्ठ्याची किंवा जाड तारेची प्रतिकृती करा. एखादा ब्रॅकेट हलवायचा असेल तर तो पावडर कोटिंगच्या आधी हलवा. फोटो काढा, मापं लिहा आणि टर्बो परत खोक्यात, दोन्ही तोंडं चिकटपट्टीने बंद करून. एखादं वॉशर आत पडलं आणि लक्षात आलं नाही, तर मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या चाकाचं काय होईल ते सांगायला नको.

आता गाडी बांधण्याबद्दल फार लिहीत नाही, किटबरोबर आलेली पुस्तिका ते काम करते. सस्पेन्शनचे, सीटबेल्टचे, ब्रेकचे बोल्ट ८.८ किंवा वरच्या दर्जाचे, सगळीकडे नायलॉक नट, आणि घट्ट करून झालेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाच्या पेनाची रेघ. रेघ नाही म्हणजे बोल्ट कसलेला नाही, इतका कडक नियम ठेवा. रात्री थकून ‘हा केला होता ना?’ असं स्वतःला विचारायची वेळ येते, तेव्हा ती रेघ उत्तर देते. नोंदणीचे आणि तपासणीचे नियम तुमच्याकडे काय आहेत ते मात्र पहिला पाइप कापायच्या आधी वाचा. इंजिन बदल आणि टर्बो हे काही ठिकाणी वेगळे प्रश्न धरले जातात.

अर्थिंगबद्दल मात्र थांबून सांगतो, कारण यात सगळे फसतात. चासीला पावडर कोटिंग असतं आणि ते विजेला अडवतं. इंजिन रबरावर बसलेलं. म्हणजे इंजिन आणि बॅटरीची निगेटिव्ह बाजू यांच्यात जाड वायर टाकली नाही, तर स्टार्टरचा शे-दीडशे अँपिअरचा करंट दुसरी वाट शोधतो. माझ्या पहिल्या गाडीत त्याने थ्रॉटलची केबल निवडली. चावी फिरवली, स्टार्टर कुरकुरला, आणि केबलच्या प्लास्टिकच्या आवरणातून पांढऱ्या धुराची बारीक रेघ निघाली. केबल आत चिकटली होती, थ्रॉटल अर्धवट उघड्या अवस्थेत. इंजिन सुरू झालं नाही हे नशीब. तेव्हापासून ब्लॉक ते चासी आणि चासी ते बॅटरी अशा दोन जाड पट्ट्या, खाली कोटिंग चकचकीत लोखंडापर्यंत घासून, हे माझं वायरिंगमधलं पहिलं काम असतं. डोनरच्या हार्नेसमधून (वायरींच्या जुडग्यातून) नको त्या वायरी काढणं हे शेवटचं, आणि तेही लेबल लावल्याशिवाय एकसुद्धा न कापता.

गाडी चालायला लागली, हजारभर किलोमीटर झाले, की टर्बोच्या आधी दोन मोजमापं घ्या. चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन: आपसातला फरक दहा टक्क्यांच्या आत हवा. आणि चढावर पूर्ण थ्रॉटलवर ऑइलचं प्रेशर. दमलेल्या इंजिनाला टर्बो लावणं म्हणजे दम्याच्या माणसाला डोंगरावर पळवणं.

आता तेल. टर्बोच्या तक्रारींपैकी निम्म्या तरी तेलाच्या परतीच्या नळीत असतात, असा माझा अनुभव आहे, आणि लोक बदलत बसतात टर्बो. एका ओळखीच्या माणसाची गाडी सिग्नलला उभी राहिली की निळा धूर ओकायची. त्याने सील गेलं म्हणून टर्बो एकदा उघडून घेतला, दुसऱ्यांदा बदलला. धूर तसाच. मी वाकून बघितलं तर परतीची रबरी नळी टर्बोतून खाली उतरून मध्येच थोडी वर चढत होती, जेमतेम बोटभर, आणि मग संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, शिरत होती. तेवढ्या खोलगट जागेत तेल साचायचं, मागचं तेल तुंबायचं आणि टर्बाइनच्या बाजूने एक्झॉस्टमध्ये जायचं. टर्बोचं सील म्हणजे काही रबराचा बूच नव्हे. ती पिस्टनच्या रिंगसारखी धातूची बारीक रिंग असते, आणि तेल खालून मोकळं वाहून जातंय या भरवशावरच ती काम करते. तिथे पंप नसतो, फक्त गुरुत्वाकर्षण.

म्हणून परतीची नळी आतून १६ ते १९ मिलिमीटरची, जमेल तितकी उभी. उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कलू देऊ नका. ती संपमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. त्यासाठी संप काढून, त्यात वेल्डिंग करून तोंड बसवावं लागतं. इंजिन गाडीत असताना ड्रिल मारून ग्रीसने चुरा धरण्याचा जुगाड मी पाहिला आहे, करणाऱ्यांना शुभेच्छा. याउलट टर्बोत तेल आणणारी नळी बारीकच असते. बॉल बेअरिंगचा टर्बो असेल तर तिच्यात बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर लागतो, साध्या बेअरिंगच्या टर्बोला सहसा लागत नाही. खोक्यात आलाय म्हणून लावू नका, कुठला टर्बो आहे ते बघून ठरवा. आणि क्रँककेसचा श्वास मोकळा ठेवा. ब्रीदर (त्याची हवेची नळी) चोंदला की आतला दाब तेलाला खाली उतरूच देत नाही, आणि दोष पुन्हा टर्बोवर येतो.

उष्णता हा सेव्हनसारख्या गाडीतला खरा शत्रू. पूर्ण जोरावर पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट ८५० ते ९०० अंशांपर्यंत जातो, आणि तुमच्या गाडीत त्या भट्टीपासून पायांपर्यंतचं अंतर हातभर. फायबरमधली राळ १०० अंशांच्या अलीकडेपलीकडेच मऊ पडायला लागते. ब्रेकचं डॉट ४ तेल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पण ओल धरलेलं १५५ लाच उकळू शकतं. तर टर्बोच्या शेजारून ब्रेकची नळी, क्लचची नळी किंवा पेट्रोलची नळी नेऊच नका. पर्यायच नसेल तर मध्ये पत्रा, आणि त्या पत्र्याच्या दोन्ही बाजूंना हवेची मोकळी फट. पत्रा नळीला चिकटवून बांधला की तो ढाल राहत नाही, तवा होतो. गरम हवा बाहेर जायला बॉनेटच्या बाजूला झरोके हवेतच.

मॅनिफोल्ड चमकदार, पातळ स्टेनलेसचं, सापासारखं वळवलेलं असेल तर फोटोत छान दिसतं. घरच्या गाडीला मी ओतीव लोखंडाचं किंवा जाड नळीच्या कोपरांचं वेल्ड केलेलं घेतो. टर्बोचं वजन मॅनिफोल्डवर एकट्यावर लटकू देऊ नका, ब्लॉकपासून एक आधार द्या. आणि डाउनपाइपमध्ये लवचीक तुकडा घाला. तसं केलं नाही तर तडा जाणार, फक्त कधी ते बघायचं. तडा गेला की आधी बारीक टिकटिक ऐकू येते, थंड इंजिनावर जास्त, गरम झाल्यावर कमी. पुष्कळ लोक टॅपेटचा आवाज समजून दुर्लक्ष करतात.

इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा रेडिएटर) लावायचा का, याला एक हिशेब पुरेसा आहे. बाहेर ३० अंश तापमान, बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, ०.७५ बार, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोमधून निघणारी हवा १०५ अंशांच्या घरात असते. सत्तर टक्के परिणामकारक इंटरकूलर तिला ५३ पर्यंत उतरवतो. ही पन्नासेक अंशांची उतरण म्हणजे तुमच्या पिस्टनचा विमा. फक्त रेडिएटरच्या पुढे इंटरकूलर आला की रेडिएटरला गरम हवा मिळते. पत्र्याच्या भिंती घालून नाकाडातली सगळी हवा दोघांतूनच जाईल असं करा. स्पंजच्या पट्ट्यांनी फटी बुजवल्यावर माझ्या गाडीचं पाणी जेवढं थंड झालं, तेवढं मोठ्या पंख्यानेही झालं नव्हतं.

आता पेट्रोल. इंजिनं इथे मरतात.

माझ्या दुसऱ्या गाडीत सगळं व्यवस्थित होतं. इंजेक्टर मोठे, पंप मोठा, लॅपटॉपवर नकाशा (कुठल्या वेगाला आणि दाबाला किती पेट्रोल द्यायचं त्याचा तक्ता) नीट बसवलेला. टाकी तेवढी मी स्वतः वेल्ड केलेली, साधी चौकोनी, आत एकही पडदा नाही. एका सकाळी टाकी पाव भरलेली, लांबलचक उजवं वळण, तिसरा गिअर, बूस्ट पूर्ण. डॅशबोर्डवरच्या वाइडबँडच्या (पेट्रोलच्या एका भागामागे हवा किती भाग ते दाखवणाऱ्या मीटरच्या) आकड्यावर नजर गेली: ११.६ होता तो अचानक १५ च्या वर. पेट्रोल टाकीच्या डाव्या भिंतीला चढलं होतं आणि पंप हवा ओढत होता. पाय उचलेपर्यंत दोन सेकंद गेले असतील. आवाजही झाला नाही काही. घरी येईपर्यंत इंजिन आयडलवर असताना हलकं थरथरायला लागलं होतं. कॉम्प्रेशन मोजलं: बाकी तीन सिलिंडर ठीक, तिसऱ्या क्रमांकाचा निम्म्याच्याही खाली. हेड उतरवून पिस्टन बाहेर काढला तर दोन रिंगांमधली धार नखाएवढी तुटून गेलेली, आणि पिस्टनची कड मेणबत्तीसारखी ओघळलेली.

टर्बोशिवायच्या गाडीत हीच गोष्ट झाली असती तर ती फक्त आचका खाऊन पुढे गेली असती. बूस्टमध्ये असताना मिश्रणातलं पेट्रोल कमी पडलं की नॉक होतं (मिश्रण अवेळी, स्फोटासारखं पेटतं) आणि तापमान चढतं, आणि चूक सुधारायला वेळ मिळत नाही. म्हणून टाकीत पडदे आणि टाकीपुढे एक छोटं स्वर्ल पॉट: कमी दाबाचा पंप ते सतत भरत राहतो, मोठ्या दाबाचा पंप त्याच्यातूनच ओढतो. लिटर-दीड लिटरचं भांडं पुरतं. ही गोष्ट तुमच्या ‘सगळं आलं’ खोक्यात नसेल, खात्री आहे.

आकड्यांचंही बघून घ्या. २०० हॉर्सपॉवरला चार इंजेक्टर ८० टक्के वेळ उघडे राहतील असं धरलं, तर प्रत्येकी मिनिटाला साधारण ४०० सीसीचे लागतात. तुमच्या डोनरचे त्याच्या जवळपास निम्मे आहेत. पंपाची क्षमता पाहताना ती ३ बारवरची बघू नका. रेग्युलेटर बूस्टएवढा दाब वर चढवतो, म्हणजे ३ अधिक ०.७५ बारवर तो किती पेट्रोल देतो हे महत्त्वाचं.

डोनरचा हवा मोजणारा झडपेचा मीटर आणि मूळ ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) यांना बूस्ट कळत नाही. किटमधल्या, पेट्रोलचा दाब वाढवून भागवणाऱ्या रेग्युलेटरवर मी तरी विसंबणार नाही. मेगास्क्वर्टसारखा स्वतंत्र ईसीयू घ्या, आणि गंमत म्हणजे तो टर्बोच्या आधीच बसवा. साध्या इंजिनावर नकाशा शिकता येतो, चुका माफ होतात. टर्बो आला की नकाशाचा वरचा भागच नवा करायचा राहतो. पूर्ण बूस्टमध्ये हवा-इंधन प्रमाण ११.५ ते १२, स्पार्क प्लग एक पायरी थंड, फट ०.७ मिलिमीटरच्या आसपास. इग्निशनला (ठिणगीच्या वेळेला) सुरुवातीला भरपूर मागे ठेवा आणि नॉक ऐकायची सोय करून थोडं थोडं पुढे आणा. ते काम शक्यतो डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), जाणत्या माणसासोबत.

तुमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशनचं प्रमाण (सिलिंडरात मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ९.४ ला १ आहे, टर्बोसाठी जरा चढंच. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायर या टर्बो गाडीचं १०.२५ होतं. नॉक थांबवायला कंपनीने पाणी आणि मिथेनॉलची वेगळी टाकी दिली, मालक ती भरायला विसरायचे, आणि शेवटी कित्येक गाड्यांचे टर्बो काढून टाकावे लागले. मालक विसरणार हे गृहीत धरून गाडी बांधावी. तुमच्या बाबतीत मालक तुम्हीच, तरीसुद्धा.

तर वेस्टगेटला (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेला) ०.४ ते ०.५ बारची स्प्रिंग घाला. त्यावर १५५-१६० हॉर्सपॉवर अपेक्षित धरा, म्हणजे टनाला अडीचशेच्या वर. २०० साठी ०.७ ते ०.८ बार लागेल, आणि तो प्रश्न सहा महिन्यांनी स्वतःला विचारा. मूळ कनेक्टिंग रॉड २०० च्या आसपास सहसा तग धरतात, पण १.६ चा डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअर) लहान आहे. पुढेमागे १.८ लिटरच्या गाडीचा मोठा मिळाला तर उचलून ठेवा.

टर्बो लावल्यावर पहिल्यांदा सुरू करताना इंजेक्टरचे आणि इग्निशनचे फ्यूज काढा, टर्बोच्या तेलाच्या तोंडात थोडं तेल ओता, आणि ऑइल प्रेशर दिसेपर्यंत नुसता स्टार्टर मारा, दहा-दहा सेकंदांनी थांबत. मग फ्यूज लावून सुरू करा आणि वीस मिनिटं फक्त आयडलवर. कुणीतरी अग्निशामक घेऊन शेजारी उभं असू द्या. एक्झॉस्टच्या वेष्टनातून थोडा धूर येणारच, तो पंधरा मिनिटांत थांबतो. न थांबणारा धूर म्हणजे कुठेतरी तेल गळतंय. ब्रेकला व्हॅक्यूम सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारी डबी) ठेवला असेल तर त्याच्या नळीतली एकदिशा झडप तेव्हाच फुंकून तपासा, नाहीतर बूस्ट सर्व्होत शिरेल.

पहिले शंभर किलोमीटर बूस्टला न शिवता. मग इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, मॅनिफोल्डचे नट पुन्हा कसा, किमान दोन तरी सैल सापडतील. चारही प्लग काढून ओळीने कापडावर ठेवा. चौघांचा रंग सारखा असेल तर पुढचा रविवार बूस्टचा.